लढायचें तें कशासाठीं ?

व्हिडिओ गेममधील मारामारीवरून तयार केलेल्या कार्टून मालिका मुलांनीं पाहाव्या कीं पाहूं नयेत, असा प्रश्न पालकवर्गाकडून वारंवार विचारला जातो. विचारणारांचा रोख बहुधा एकाच उत्तराकडे असतो. शाळेनें "पाहूं नयेत" असें एकदां म्हणून टाकावें, म्हणजे घरीं मोबाईल काढून घेण्यास आधार मिळेल, एवढीच त्यांची अपेक्षा. मुलांकडून हा प्रश्न कधींच येत नाहीं. तीं पाहून मोकळीं होतात. आमच्या मतें प्रश्नच अपुरा आहे. "मालिका पाहावी काय ?" याऐवजीं "या मालिकेंतील माणसें कशासाठीं लढतात ?" असें विचारलें तर मुलांस बोलण्यास जागा राहते, आणि पालकांसहि नुसत्या हुकुमापेक्षां अधिक कांहीं हातीं लागतें.

प्रथम मूळ खेळाविषयीं. जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीनें १९९१ सालीं 'स्ट्रीट फायटर २' नांवाचा खेळ काढला. मारामारीच्या व्हिडिओ गेमचा जो सांचा पुढें रूढ झाला, तो मुख्यतः याच खेळानें घालून दिला. हातांत एक दांडा व समोर सहा बटणें. त्यांतील तीन ठोशांचीं व तीन लाथांचीं. पडद्यावर निरनिराळ्या देशांचे मिळून आठ लढवय्ये. त्यांतून एक आपण निवडावयाचा. वर ९९ हा आंकडा दिसतो व तो उतरूं लागतो; तो शून्यावर येण्यापूर्वीं समोरच्याची शक्ति दाखविणारी पट्टी रिकामी करावयाची. तीन फेऱ्यांपैकीं दोन जिंकल्या कीं पुढला देश आणि पुढला गडी. ज्या वडिलांचें शाळकरी वय १९९० नंतरच्या दशकांत गेलें, त्यांपैकीं कित्येकांच्या बोटांना हें वर्णन वाचून कांहीं तरी आठवेल; तें ते मुलांपुढें कबूल करतील किंवा न करतील.

या खेळांत कौशल्य नाहीं, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. समोरच्याचा हात उठण्यापूर्वीं त्याचा बेत ओळखणें, अंतर राखणें, घाई न करणें, हे गुण त्यांत लागतात. एका ठोशाला दुसरा जोडून जी साखळी करतात व जिला खेळाडू 'कॉम्बो' म्हणतात, ती तर खुद्द निर्मात्यांनींहि योजिलेली नव्हती. खेळ तयार होत असतांना ती त्यांना नकळत सांपडली. इतकी सूक्ष्मता ज्यांत आहे त्यास 'पोरखेळ' म्हणून उडवून लावणें हें न पाहतां निकाल देण्यासारखें होईल. उणीव आहे ती निराळ्या ठिकाणीं. समोर उभ्या असलेल्या माणसानें माझें काय बिघडविलें आहे, हें खेळतांना कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलें तर सांगण्यास कोणी नाहीं. यंत्रास कारण लागत नाहीं, नाणें लागतें.

इतवारींतील वाचकांस हेंच एका ओळखीच्या दाखल्यानें सांगतां येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, आपल्या या भागांतून मारबतींची मिरवणूक जाते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघत आली आहे, असें सांगतात. त्यांच्याबरोबर बडगे असतात. बडग्या कितीहि अक्राळविक्राळ असो, त्याच्याबरोबर पाटी असते. महागाई, रोगराई, लांचलुचपत, एखाद्या पुढाऱ्याचें एखादें कृत्य. त्याला कशापायीं जाळावयाचें तें अक्षरांत लिहिलेलें असतें. लहान मूलहि ती पाटी वाचतें, आणि न समजल्यास खांद्यावर घेतलेल्या बापास विचारतें. पाटीवरील आरोप खरा कीं खोटा, यावर रस्त्यांतच वादहि होतो. व्हिडिओ गेममधील प्रतिपक्षी म्हणजे पाटी नसलेला बडग्या होय.

अशा खेळावरून मालिका करावयाची म्हटलें म्हणजे लेखकापुढें मोठी अडचण उभी राहते. खेळतांना मुलाचे हात गुंतलेले असतात. मालिका पाहतांना हात मोकळे राहतात, आणि मग मन प्रश्न विचारूं लागतें. ९९ आंकड्यांत संपणारी मारामारी वीस-बावीस मिनिटें, तीहि आठवड्यामागून आठवडे, नुसती दाखवीत राहिलें तर पाहणारा कंटाळतो. तेव्हां कोणी तरी बसून बडग्याच्या गळ्यांत अडकविण्यासाठीं पाटी लिहावी लागते. ती कशी लिहिली आहे, यावरूनच या मालिकांची परीक्षा करावी असें आम्ही सुचवितों.

पाटी लिहिण्याचा आळस कसा दिसतो, त्याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. 'मॉर्टल कोम्बॅट' हा १९९२ चा खेळ त्यांतील रक्तपातामुळें कुप्रसिद्ध झाला. डिसेंबर १९९३ मध्यें अमेरिकन सिनेटपुढें अशा खेळांविषयीं सुनावणी झाली, आणि १९९४ सालीं वयोमानाप्रमाणें खेळांस दर्जा देणारें मंडळ त्या धंद्यानेंच स्थापन केलें. पुढें १९९६ सालीं त्याच खेळावरून मुलांसाठीं १३ भागांची कार्टून मालिका निघाली. तींत रक्त ठेविलें नव्हतें. पालकांस हायसें वाटलें असेल. आम्हांस मात्र ती सुधारणा वरवरची वाटते. शत्रु दुसऱ्या जगांतून येतो, पृथ्वीचें रक्षण करावयाचें असतें, म्हणून त्यास बडवून परत घालवितात. 'पृथ्वीचें रक्षण' हें कारण इतकें मोठें आहे कीं कोणत्याहि मुलास तें मोजून पाहतां येत नाहीं, आणि जें मोजतां येत नाहीं त्याच्या नांवानें कोणासहि कितीहि बडवितां येतें. रक्त पुसलें, परंतु पाटी कोरी ती कोरीच राहिली.

याच्या उलट 'स्ट्रीट फायटर २ व्ही' ही १९९५ ची २९ भागांची जपानी मालिका घ्या. तिचे दिग्दर्शक गिसाबुरो सुगी. याच गृहस्थांनीं १९८५ सालीं केंजी मियाझावा यांच्या एका प्रसिद्ध कथेवरून आकाशगंगेंतून जाणाऱ्या आगगाडीचा ॲनिमेशनपट केला होता. तो मुलांसाठींच, पण मृत्यूविषयींचा, अत्यंत शांत असा चित्रपट आहे. असा मनुष्य मारामारीच्या खेळाकडे वळला म्हणजे काय करतो, हें पाहण्यासारखें आहे.

त्यांनीं पहिली गोष्ट ही केली कीं, नायकांचीं वयें उतरविलीं. मूळ खेळांत कसलेले योद्धे असलेले र्यू व केन हे येथें सतरा वर्षांचे मुलगे आहेत. केन श्रीमंताघरचा, र्यू साधा. दोघेहि स्वतःस अजिंक्य समजणारे. आणि दुसरी गोष्ट, मालिकेच्या आरंभींच त्यांना सपाटून हार खावयास लाविली. गाइल नांवाचा अमेरिकन सैनिक त्यांना असा लोळवितो कीं त्यांचा सारा तोरा उतरतो. येथें सामान्य लेखक असता तर त्यानें सूडाची पाटी लिहिली असती: आतां हे दोघे तयारी करणार आणि शेवटच्या भागांत गाइलला झोडपणार. सुगींच्या मालिकेंत ते दोघे आपणांस किती थोडें येतें हें ओळखतात, आणि जगांत आणखी काय काय आहे तें पाहण्यास बाहेर पडतात. हाँगकाँग, थायलंड, भारत, स्पेन असा त्यांचा प्रवास होतो. लढत होते ती बहुतेक ठिकाणीं कांहीं तरी शिकण्यासाठीं. सतरा वर्षांच्या मुलानें हार पत्करून शिकावयास निघणें, ही पाटी आमच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस सहज वाचतां येण्यासारखी आहे.

भारतांतील भागांत ते धालसिम नांवाच्या योग्याकडे जातात, तें 'हाडो' म्हणून जी अंतःशक्ति आहे ती शिकण्यासाठीं. मूळ खेळ व मालिका यांतील सर्वांत मोठा फरक येथेंच दिसतो. खेळांत ही शक्ति हातांतून सोडावयाची म्हणजे दांडा खालून पुढें असा पाव वर्तुळांत फिरवून ठोशाचें बटण दाबावयाचें. कोणतेंहि चलाख मूल तें पांच मिनिटांत शिकतें. मालिकेंत मात्र तिची नुसती ओळख होण्यास अनेक भाग जावे लागतात, आणि ती पुरी वश होण्यास त्याहून पुष्कळ अधिक. मधल्या काळांत नायक बसतो, चुकतो, चिडतो, पुन्हां बसतो. जीं मुलें खेळाच्या ओढीनें ही मालिका पाहूं लागतात, तीं येथें कुरकुरतात. कुरकुरूं द्यावें. बटण दाबून मिळणारी वस्तु व बसून मिळणारी वस्तु यांतील फरक त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगितलेला नाहीं; तो त्यांच्या कंटाळ्यानेंच त्यांना कळतो आहे.

मालिका सर्वस्वीं निर्दोष आहे असें नाहीं. उत्तरार्धांत एक सर्वशक्तिमान हुकूमशहा येतो, तो माणसांच्या मनांवर ताबा मिळवितो, आणि मग कथा जगांतील इतर शेंकडों कार्टूनांच्या वाटेनें जाऊं लागते. पूर्वार्धांतील प्रवासाची गोडी तेथें राहत नाहीं. या हुकूमशहाच्या नांवाची एक गंमत आहे. जपानांत त्याचें नांव व्हेगा. पण बाहेरच्या देशांत तो झाला बायसन, आणि व्हेगा हें नांव गेलें एका स्पॅनिश लढवय्याकडे. कारण मूळच्या खेळांतील बायसन नांवाचा मुष्टियोद्धा माइक टायसनशीं फार जुळत होता, व कंपनीस अमेरिकेंतील कोर्टकचेरीची धास्ती होती. यामुळें दोन निरनिराळ्या देशांचीं मुलें एकत्र बसून या मालिकेविषयीं बोलूं लागलीं तर त्यांचें भांडण होणार हें ठरलेलेंच.

अलीकडची 'टेकेन : ब्लडलाइन' ही मालिका २०२२ सालीं नेटफ्लिक्सवर आली. सहाच भाग आहेत, आणि १९९७ च्या 'टेकेन ३' या खेळावर ती उभारली आहे. जिन नांवाच्या मुलास त्याची आई स्वतःच्या घराण्याची विद्या शिकविते. त्या विद्येचा भर संरक्षणावर व संयमावर आहे. आई नाहींशी झाल्यावर तो आजोबांकडे जातो, आणि आजोबा त्याला दुसरी विद्या शिकवितात, जींत दया म्हणजे दुबळेपणा. सूडाची पाटी येथें अगदीं ठळक अक्षरांत आहे. परंतु लेखकांनीं तिच्यावर प्रश्नचिन्ह काढण्याचें धैर्य दाखविलें आहे. आजोबांनीं नातवास तयार केलें तें नातवासाठीं कीं स्वतःसाठीं, हें शेवटच्या भागांत कळतें, आणि तें कळणें सुखावह नाहीं. ही मालिका वरच्या वर्गांतील मुलांनीं पाहण्यास आमची हरकत नाहीं. धाकट्या भावंडांस जवळ बसवूं नये, इतकेंच. आपल्याकडे २०२१ सालच्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणें इंटरनेटवर दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांस व मालिकांस वयोमानाचे वर्ग लावलेले असतात. सर्वांसाठीं 'यू', नंतर ७, १३ व १६ वर्षांवरील मुलांसाठीं 'यू/ए', आणि प्रौढांसाठीं 'ए'. १३ वर्षांवरील वर्गापासून पुढें पालकांस कुलूप लावतां यावें अशी सोय ठेवणें कंपन्यांवर बंधनकारक आहे. हें कुलूप पुष्कळ घरीं कधीं उघडूनहि पाहिलेलें नसतें. आणि जेथें लाविलें आहे तेथें त्याचा अंक घरांतील सर्वांत धाकट्या व्यक्तीस पाठ असतो.

आतां त्या धालसिमविषयीं, कारण आमच्या विद्यार्थ्यांचा तो देशबंधु आहे आणि त्यांना त्याच्याविषयीं कांहीं वाटणें स्वाभाविक आहे. मूळ खेळांत भारताचा प्रतिनिधि म्हणून तोच उभा आहे. हडकुळें शरीर, गळ्यांत मानवी कवट्यांची माळ, तोंडांतून निघणारा अग्नि, आणि रबराप्रमाणें लांब होणारे हातपाय. मागें हत्ती उभे. हें सोंग पाहून एखाद्यास राग आला तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु रागावण्यापूर्वीं त्याची पाटी वाचावी. निर्मात्यांनीं त्याचा जो पूर्ववृत्तांत दिला आहे त्याप्रमाणें हा योगी स्वभावतः लढाईविरुद्ध आहे; आपल्या गरीब गांवकऱ्यांसाठीं पैसा मिळावा म्हणून तो लढतो, आणि तें त्याच्या मनास खातें. त्या कवट्याहि साथींत मेलेल्या गांवांतील मुलांच्या, त्यांची आठवण म्हणून बाळगलेल्या. त्याच्या मुलाचें नांव दत्ता आहे, हें वाचून कांहीं घरीं हसूं येईल. त्या आठ जणांत लढण्याची लाज वाटणारा हा एकटाच म्हणावा लागेल. परंतु नाणें टाकून खेळणाऱ्या मुलास यांतील कांहीं दिसत नाहीं; त्याला दिसतात कवट्या. १९९४ च्या हॉलिवुड चित्रपटांत या धालसिमला शास्त्रज्ञ केलें, आणि ती भूमिका दिली रोशन सेठ यांस. हेच नट 'गांधी' चित्रपटांत व 'भारत एक खोज' मालिकेंत पंडित नेहरू झाले होते. कवट्यांपासून नेहरूंपर्यंत ही उडी मोठी खरी, पण त्या चित्रपटांत त्या बिचाऱ्यास करण्यासारखें फारसें नव्हतें.

आमची तक्रार कवट्यांविषयीं नाहीं. ती अशी : रशियाचा प्रतिनिधि म्हणून या खेळांत कुस्तीगीर आला, जपानचा म्हणून एक सुमो मल्ल आला, मग भारताचा म्हणून पहिलवान कां येऊं नये? ज्या देशांत तांबड्या मातीला नमस्कार केल्यावांचून आखाड्यांत पाऊल टाकीत नाहींत, त्याचा मल्ल जगाला माहीतच नव्हता काय ? आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें, जें १९१४ सालीं स्थापन झालें, १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपलें पथक नेऊन भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं होतीं. कबड्डी युरोपनें पाहिली ती तेथें. आणि जपानास तर भारतीय मल्ल माहीत असण्यास चांगलेंच कारण होतें.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें बँटमवेट फ्रीस्टाईल कुस्तींत जपानच्या शोहाची इशी यांस सुवर्णपदक मिळालें. त्याच गटांत त्यांच्याशीं झुंजून कांस्यपदक मिळविणारे मल्ल म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांपूर्वीं, १९४८ सालीं, लंडनला त्यांचा सहावा क्रमांक आला होता. तेव्हां ते मातीवरून उठून प्रथमच गादीवर लढत होते. हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं तर आपलें राहतें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे करून दिले. पदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचें कर्ज फेडलें.

ओसाका येथील चित्रकारांनीं १९९१ सालीं कल्पनेनें जो भारतीय लढवय्या उभा केला, तो गांवासाठीं पैसा मिळविण्यास लढतो. त्यापूर्वीं चाळीसेक वर्षें एक खराखुरा मराठी मल्ल, ज्यानें गांवाच्या पैशानें ऑलिंपिक गांठलें, गुरुजनांचें घर गहाणांतून सोडविण्यासाठीं मातींत उतरला होता. त्याला अग्नि ओकावा लागला नाहीं. अशी पाटी ज्याच्याजवळ आहे त्याच्या कुस्तीवर २९ भाग सहज निघतील, आणि पाहणारें मूल एकदांहि "पण हे लढतात कशाला ?" असें विचारणार नाहीं.

चित्रकलेच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं यांतील कांहीं प्रसंग चौकटींत काढून पाहावे, असें आम्हांस वाटतें. कुस्तीचे प्रसंग काढणें अवघड नाहीं. धोबीपछाड व कलाजंग यांचीं चित्रें पुस्तकांतून पुष्कळ मिळतील. खरी कसोटी आधींच्या एका चौकटीची आहे. दिवाणखान्यांत एक प्राध्यापक बसले आहेत, समोर गहाणखताचा कागद आहे, दाराशीं एक तरुण मल्ल उभा आहे, आणि दोघेहि कांहीं बोलत नाहींत.